वाळूच्या तोंडी घातलेलं खोटं

ओम म्हटलं की वाळूत श्रीयंत्र उमटतं, हे वाक्य आता प्रवचनांत, योगवर्गांत, शाळेच्या विज्ञान प्रदर्शनांत आणि घरोघरच्या फोनवर इतकं फिरतं आहे की ते ऐकून कुणी दचकतही नाही. सोबत बहुधा एक चित्रफीत असते. थरथरणारा पत्रा, त्यावर सरकणारी पांढरी वाळू, मागे घुमणारा ओंकार, आणि शेवटी एकमेकांत गुंतलेले त्रिकोण. ऋषींनी पाहिलं ते आता पाश्चात्त्य विज्ञानानंही मान्य केलं, असं खाली लिहिलेलं असतं. हे विधान मला मुळापासून खोडायचं आहे. ते खोटं आहे हे एक कारण झालंच. पण त्या खोट्यापायी आपण आपल्याच घरातलं एक खरं, मोठं ज्ञान विसरत चाललो आहोत, याचा मला जास्त राग येतो.

आधी त्यातलं खरं काय ते सांगतो, कारण या गोष्टीत खरं पुष्कळ आहे. जर्मनीतल्या विटेनबर्ग गावच्या अर्न्स्ट क्लाड्नी यांनी 1787 साली नादाच्या सिद्धांतावर एक पुस्तक प्रसिद्ध केलं. काचेचा किंवा पितळेचा सपाट तुकडा घ्यायचा, त्यावर बारीक वाळू पसरायची, आणि कडेवरून व्हायोलिनचा गज ओढायचा. पत्रा गाऊ लागतो, वाळू उड्या मारत पळते आणि काही क्षणांत रेषांची रेखीव आकृती तयार होते. क्लाड्नी यांच्याही शंभर वर्षं आधी, 1680 मध्ये, रॉबर्ट हुक यांनी पीठ भुरभुरवलेल्या काचेवर हा प्रकार पाहिला होता. पण तो पद्धतशीर मांडला क्लाड्नी यांनी. ते गावोगाव फिरून हे प्रयोग दाखवत. 1809 मध्ये पॅरिसला त्यांनी ते नेपोलियनसमोर केले, आणि या आकृत्यांमागचं गणित शोधणाऱ्याला 3000 फ्रँकचं बक्षीस जाहीर झालं.

तेव्हा कंपनातून आकृती उमटते याबद्दल वादच नाही. वाद आहे तो ती आकृती कुणाची, याबद्दल.

पत्रा कंप पावतो तेव्हा त्याचा सगळा भाग सारखा हलत नाही. काही जागा जोरात वरखाली होतात, त्यांना प्रस्पंद म्हणतात. काही रेषांवर पत्रा जवळजवळ स्थिर राहतो, त्या निस्पंद रेषा. जोरात हलणाऱ्या जागेवरून वाळू उडते आणि स्थिर रेषांवर येऊन साठते. म्हणजे वाळूची नक्षी ही पत्रा कुठे हलत नाही याचा नकाशा आहे. आणि पत्रा कुठे हलणार नाही हे कशावरून ठरतं? त्याचा आकार, जाडी, धातू, तो कुठे धरला आहे, कडा मोकळ्या आहेत की आवळलेल्या, यावरून. क्लाड्नी पत्र्याच्या कडेला एका जागी बोट टेकवत आणि दुसरीकडे गज ओढत. बोट जरा सरकवलं की नक्षी बदले. बाहेरच्या स्वराचं काम एवढंच की पत्र्याच्या स्वतःच्या अनेक कंपनांपैकी जे त्याच्या जवळचं असेल ते जागं करायचं. तोच स्वर गोल पत्र्याला ऐकवा, चौकोनी पत्र्याला ऐकवा, सतारीच्या भोपळ्याएवढ्या ताणलेल्या कातड्याला ऐकवा: तीन वेगळ्या आकृत्या मिळतील. मग त्यांतली कोणती त्या स्वराची ‘खरी’ आकृती? प्रश्नच चुकीचा आहे. स्वराला असं स्वतःचं एक चित्र नसतंच.

यापुढची गोष्ट मला फार महत्त्वाची वाटते, आणि त्या चित्रफितींत ती कधीच येत नाही. वाळूऐवजी अतिशय हलकी, बारीक पूड घेतली तर ती निस्पंद रेषांवर न जाता नेमकी उलट, जिथे पत्रा सर्वांत जास्त हलतो तिथे गोळा होते. फ्रान्समधल्या फेलिक्स सावार यांनी याचं एक स्पष्टीकरण दिलं होतं. मायकेल फॅरेडे यांनी 1831 मध्ये ते खोडलं. फॅरेडे यांचं म्हणणं असं की हलणाऱ्या पत्र्याजवळची हवा बारीक प्रवाहांत फिरते आणि हलकी पूड तिच्यासोबत वाहत जाते. हे पटवण्यासाठी त्यांनी पत्र्याभोवतीची हवा काढून घेतली. निर्वातात ती पूडही वाळूसारखीच निस्पंद रेषांवर गेली. म्हणजे तोच पत्रा, तोच स्वर, आणि तरी वाळूत एक चित्र नि पुडीत त्याच्या उलट चित्र. ज्याला ध्वनीचं दर्शन म्हणून वाळूचं चित्र दाखवायचं आहे, त्याने आधी पुडीचं चित्र का नाकारलं ते सांगावं.

आता श्रीयंत्राकडे येतो. श्रीयंत्रात नऊ मोठे त्रिकोण असतात, पाचांची टोकं खाली आणि चारांची वर. ते एकमेकांना छेदून त्रेचाळीस लहान त्रिकोण तयार करतात. बाहेर आठ पाकळ्या, मग सोळा पाकळ्या, आणि सगळ्याभोवती चार दारांचा चौकोनी भूपुर. आता गोल पत्र्याच्या किंवा गोल ताणलेल्या कातड्याच्या कंपनात कोणत्या रेषा येऊ शकतात ते पाहू. फक्त दोन प्रकारच्या: मध्यातून आरपार जाणारे व्यास आणि एककेंद्री वर्तुळं. मध्याला बगल देऊन जाणारी सरळ रेषा तिथे मुळात येत नाही, आणि श्रीयंत्राचे त्रिकोण तर तशाच रेषांचे आहेत. शिवाय व्यास आणि वर्तुळांची अशी आकृती अर्ध्या फेऱ्यात फिरवली तरी तशीच दिसते. श्रीयंत्र उलटं केलं की वेगळं दिसतं, कारण त्याला वर आणि खाली आहे. टेबलावर आडव्या ठेवलेल्या गोल पत्र्याला वर कोणतं आणि खाली कोणतं हे कोण सांगणार? पाच टोकं एका दिशेला आणि चार दुसऱ्या दिशेला, हा निवाडा वाळू कशाच्या आधारावर करणार? ओंकारात तर दिशा नाही. पत्र्यातही नाही. चित्र काढणाऱ्या माणसाच्या मनात मात्र ती आहे.

श्रीयंत्र काढून पाहिलेल्या कुणालाही ठाऊक असेल की त्या रेषा जिथे मिळायला हव्यात तिथे नेमक्या मिळवणं किती कठीण आहे. एक त्रिकोण किंचित सरकला की दुसरीकडे तीन रेषांऐवजी दोनच मिळतात आणि तिसरी बाजूने निघून जाते. ज्यांनी ही रचना बसवली ते भूमितीचे मोठे जाणकार होते. त्यांनी ते हातानं, विचारानं, चुका पुसून पुन्हा काढून साधलं. आता त्याचं श्रेय थरथरणाऱ्या पत्र्याला द्यायचं आणि वर त्यालाच परंपरेचा गौरव म्हणायचं, हे मला सहन होत नाही.

या दाव्याचं एक सविस्तर रूपही सांगितलं जातं. ‘ओ’ म्हणताना आधी वर्तुळ येतं, मग आत चौकोन नि त्रिकोण भरत जातात, आणि शेवटचा ‘म’ विरत असताना पूर्ण श्रीयंत्र प्रकट होतं. ज्याने वाळू पत्र्यावर उडताना पाहिली आहे त्याला यातली अडचण लगेच कळेल. वाळूचा कण जागेवरून उठण्यासाठी पत्र्याचं त्वरण गुरुत्वाकर्षणाच्या त्वरणापेक्षा जास्त लागतं. 200 हर्ट्झच्या स्वराला पत्रा मधल्या स्थितीपासून साधारण 6 मायक्रोमीटर हलला की ही मर्यादा ओलांडली जाते. त्याहून कमी हलला तर वाळू पडली तिथे पडून राहते. स्वर विरत जातो तेव्हा कंपन कमी होत जातं, म्हणजे वाळू थांबत जाते. सर्वांत गुंतागुंतीची आकृती वाळू थांबत असताना तयार होते, असं सांगणाऱ्यानं वाळूला हलवलं कुणी तेही सांगायला हवं.

आणि ओमच का? ‘ओम’मधला ‘ओ’ आणि ‘ओला’मधला ‘ओ’ एकाच पट्टीत, एकाच जोरानं म्हटले तर पत्र्याला त्यांत फरक करता येत नाही. स्वर बदलला, ‘ओ’चा ‘ई’ केला, तर आवाजातले वरचे स्वरांश बदलतात आणि पत्र्याचं दुसरं एखादं कंपन जागं होऊ शकतं, हे मान्य. पण पट्टी बदलली तरी तेच होतं. मग काळी एकला म्हटलेला ओंकार खरा की पांढरी पाचला म्हटलेला? पुरुषाचा की बाईचा? लहान मुलाचा? श्रीयंत्राचा दावा करणारे पट्टी कधी सांगत नाहीत, पत्र्याचं माप सांगत नाहीत, आणि त्याच पट्टीत दुसरा एखादा शब्द म्हणून काय उमटलं हे तर कधीच दाखवत नाहीत. तुलनेसाठी दुसरा शब्द म्हणून पाहणं ही या प्रयोगाची पहिली पायरी होती. ती वगळली तिथेच तो प्रयोग राहिला नाही.

हे सगळं स्वित्झर्लंडच्या हान्स येन्नी यांच्या नावानं सांगितलं जातं. येन्नी हे डॉक्टर, अध्यात्मवादी विचारवंत रुडॉल्फ स्टायनर यांच्या विचारांचे अनुयायी. त्यांनी पत्रे, पडदे, पुडी, तेलं, लेप यांच्यावर कंपनांचे चिकाटीने प्रयोग केले आणि 1967 मध्ये छायाचित्रांचं पुस्तक काढलं. या विषयाला ‘सायमॅटिक्स’ हे नाव त्यांच्यामुळेच मिळालं. त्यांची छायाचित्रं सुंदर आहेत आणि मी ती कमी लेखणार नाही. पण द्रवाच्या पृष्ठभागावर उमटणाऱ्या लाटांबद्दल फॅरेडे यांनी 1831 मध्येच दाखवून दिलं होतं की भांडं ज्या वारंवारतेनं वरखाली हलवावं तिच्या निम्म्या वारंवारतेनं त्या लाटा हलतात. पाण्यात दिसणारं ते मोहक जाळं स्वराच्या वारंवारतेनंही हलत नसेल, तर त्याला स्वराचं रूप कसं म्हणायचं?

येन्नींच्या आधी, 1885 च्या सुमारास, वेल्समधल्या गायिका मार्गारेट वॉट्स ह्यूज यांनी ताणलेल्या पडद्याखालच्या नळीत गाऊन असेच आकार मिळवले होते. त्यांना त्यांत फुलं दिसली, नेचे दिसले, झाडं दिसली. त्या श्रद्धाळू ख्रिस्ती होत्या. वेल्सच्या गायिकेला फुलं, आपल्याकडच्या माणसाला श्रीयंत्र. पाहणारा बदलला की दिसणारंही बदललं. वॉट्स ह्यूज यांनी मात्र कोणता पडदा, कोणती पूड, स्वर किती जोराचा याच्या नोंदी ठेवल्या, आणि म्हणून मला त्यांच्याबद्दल आदर आहे.

याच दुकानात 432 हर्ट्झचा मालही विकला जातो. हल्लीचा 440 चा प्रमाण स्वर अनैसर्गिक, 432 चा विश्वाशी जुळलेला, आणि पुरावा म्हणून पुन्हा पत्र्यावरची एक देखणी नक्षी. पातळ पत्र्याचा नियम साधा आहे: जाडी तीच ठेवून बाजू दुप्पट केली तर तीच नक्षी एक चतुर्थांश वारंवारतेला येते. म्हणजे जी 432 ला आली ती दुप्पट पत्र्यावर 108 ला येईल. 108 हा आकडा पाहून कुणी हरखून जाऊ नये, कारण बाजू तिप्पट केली तर ती 48 ला येते. आणि हर्ट्झ म्हणजे सेकंदाला किती कंपनं. सेकंद हे माणसानं ठरवलेलं माप आहे. आपल्या जुन्या कालगणनेत 24 मिनिटांची घटिका आणि 24 सेकंदांचं पळ होतं. पळाच्या हिशेबानं तोच स्वर 10368 होतो. तेव्हा 432 मधलं पावित्र्य कुठे गेलं? आपल्या संगीतात तर षड्ज कुठल्याच आकड्याला बांधलेला नाही. प्रत्येक गायक आपल्या गळ्याला मानवेल तिथे सा लावतो आणि तानपुरा त्याला जुळवून घेतो. ही एवढी शहाणी व्यवस्था घरात असताना कुण्या परक्या आकड्याच्या पाया पडायचं कारण नाही.

शरीरात साठ टक्के पाणी आहे, म्हणून मंत्रानं पेशींत मंडलं उमटतात, हा युक्तिवाद थोडक्यात संपवता येतो. पाण्यातल्या त्या नक्ष्यांना मोकळा पृष्ठभाग लागतो, वर हवा आणि खाली हलणारं भांडं. पेशीत यांतलं काही नाही. ध्वनीचा शरीरावर परिणाम होतोच: मूतखडा फोडणाऱ्या लहरींनी होतो, कर्कश आवाजानं कान जातात, चांगल्या गाण्यानं मन शांत होतं. यातल्या कशालाही वाळूतल्या नक्षीची गरज पडत नाही.

मला सगळ्यात जास्त वेळा ऐकवला जाणारा आक्षेप वेगळा आहे. लोकांची श्रद्धा आहे, त्यातून चार माणसं ओंकार म्हणतात, तुमचं काय बिघडतं? जपाविरुद्ध माझं काहीच म्हणणं नाही. पण ज्यांना ओंकाराबद्दल खरी आस्था आहे त्यांनी मांडूक्य उपनिषद उघडावं. अवघ्या बारा मंत्रांचं ते उपनिषद आहे. त्यात अ, उ, म या तीन मात्रा जागृती, स्वप्न आणि सुषुप्ती यांच्याशी जोडल्या आहेत, आणि त्यांच्या पलीकडची चौथी अवस्था अमात्र म्हटली आहे. जिथे मात्रा नाही, उच्चार नाही, ती. ज्या चिंतनाचं शिखर ध्वनीच्या पलीकडे आहे त्याला पत्र्यावरच्या नक्षीचं प्रमाणपत्र मिळवून देणं ही त्या चिंतनाची सेवा नव्हे. ज्या माणसाला त्या प्रमाणपत्रामुळे श्रद्धा वाटू लागली त्याची श्रद्धा उद्या कुणी प्रयोग करून दाखवला की मोडेल. मग त्याला ओंकारही नको वाटेल आणि विज्ञानही.

आणि आता ते, ज्याच्यासाठी मी हे लिहायला बसलो.

पॅरिसच्या त्या बक्षिसासाठी सोफी जेरमेन नावाच्या बाईंनी एकटीनं प्रवेशिका पाठवली. मुलगी म्हणून त्यांना महाविद्यालयात प्रवेश नव्हता, एका पुरुषाच्या नावानं पत्रं लिहून त्या गणित शिकल्या होत्या. 1811 चा प्रयत्न फसला, दुसऱ्याला मानाचा उल्लेख मिळाला, 1816 मध्ये तिसऱ्याला बक्षीस मिळालं. तरीही काम पुरं झालं नव्हतं. पत्र्याच्या कडेला नेमकं काय घडतं हे 1850 मध्ये भौतिकशास्त्रज्ञ किर्खहोफ यांनी बरोबर मांडलं, आणि मोकळ्या कडांच्या चौकोनी पत्र्यावरच्या आकृत्या गणितानं काढून दाखवल्या त्या वॉल्टर रिट्झ यांनी 1909 मध्ये. क्लाड्नींच्या पुस्तकापासून 122 वर्षं. इतकं अवघड काम जगातल्या मोठ्या डोक्यांनी केलं, ते आपल्या मुलांना सांगायचं सोडून आपण त्यांना श्रीयंत्राची चित्रफीत दाखवतो.

आपल्याकडचं काम तर याहून जवळचं. ताणलेलं साधं गोल कातडं वाजवलं तर त्याचे स्वरांश 1, 1.59, 2.14, 2.30, 2.65 अशा प्रमाणात येतात. ते एकमेकांशी जुळत नाहीत, म्हणून साध्या ढोलाला निश्चित स्वर नसतो. तबला आणि पखवाज मात्र स्वरात लागतात. हे कसं, याचा शोध चंद्रशेखर वेंकट रामन यांनी कोलकात्यात घेतला. 1920 मध्ये शिवकाली कुमार यांच्यासोबत त्यांनी ‘नेचर’मध्ये त्यावर टिपण लिहिलं, आणि 1934 मध्ये बंगळुरूच्या भारतीय विज्ञान अकादमीच्या पत्रिकेत सविस्तर लेख. त्यासाठी त्यांनी वाद्याच्या कातड्यावर बारीक वाळू टाकली आणि निस्पंद रेषा पाहिल्या. तीच क्लाड्नींची वाळू, आपल्या वाद्यावर. त्यांना दिसलं की मधल्या काळ्या गोल थराच्या, म्हणजे शाईच्या, वजनामुळे कातड्याची पहिली नऊ कंपनं पाच गटांत येऊन बसतात, आणि त्या पाच गटांचे स्वर 1, 2, 3, 4, 5 या प्रमाणात येतात. बेसूर असायला हवं ते कातडं तारेसारखं सुरात बोलतं.

हे घडवलं कुणी? शाई भरणाऱ्या कारागिरांनी. लोखंडाची पूड आणि खळ एकत्र मळून एक पातळ थर लावायचा, दगडानं घोटायचा, सुकू द्यायचा, पुन्हा थर. मध्ये जाड, कडेकडे पातळ. कडेची चाट किती सोडायची, चाट नि शाई यांमधली लव किती ठेवायची. कुठलंही समीकरण हाती नसताना पिढ्यान् पिढ्या कानानं तपासत त्यांनी ते साधलं; नुसत्या पत्र्याचं गणित मांडताना युरोपातल्या अकादमीचे बुरुज हलले होते. पखवाजाच्या डाव्या अंगाला कणीक लावून वादक तोच न्याय रोज मैफलीआधी वापरतो. नाद आणि आकार यांचं नातं भारतानं ओळखलं होतं का, असं कुणी विचारलं तर उत्तर हो आहे, आणि त्याचा पुरावा तालमीच्या खोलीत ठेवलेल्या तबल्यावर आहे. श्रीयंत्राच्या खोट्या गोष्टीनं या कारागिरांचं नाव कुणाच्या तोंडी येऊ दिलेलं नाही.

म्हणून विज्ञान शिकवणाऱ्या आणि प्रदर्शनं भरवणाऱ्या सगळ्यांना माझी विनंती आहे. ती चित्रफीत दाखवू नका. शाळेत तबला बहुधा असतो. त्याच्यावर चिमूटभर कोरडी बारीक वाळू टाका, मध्यावर, चाटेवर, लवेवर वेगवेगळ्या थापा मारा, कधी एक बोट हलकंच टेकवून मारा, आणि प्रत्येक वेळी रेषा कुठे आल्या ते मुलांना वहीत काढू द्या. मग शाई नसलेल्या डफावर तेच करा आणि दोन्ही चित्रं शेजारी ठेवा. त्यानंतर कुणाला त्याच तबल्यावर तोंड धरून ओंकार म्हणायचा असेल तर जरूर म्हणू द्या, आणि त्याच पट्टीत, तितक्याच जोरानं दुसरा एखादा शब्दही म्हणायला लावा. वाळूनं काय केलं ते मुलांनाच लिहू द्या.